एक माप मोठं

मालन गेल्याचं मला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कळलं. फिरोजाबादहून माल आला होता. मी एकेक खोकं कानाशी धरून हलवत होतो. आत किती फुटलंय ते आवाजावरून कळतं. तेवढ्यात आमच्या दुकानासमोरचा सायकलवाला धापा टाकत आला.

"नारायणराव, घरी चला."

"काय झालं?"

"चला तर तुम्ही."

"एवढी दोन खोकी बघतो आणि येतो."

त्यानं माझ्या हातातलं खोकं काढून खाली ठेवलं. मग म्हणाला, "खोकी राहू द्या. वहिनी गेल्या."

दुकानात एका बाईच्या हातात बांगड्या भरता भरता मालन बाजूला कलली होती. डॉक्टर येऊन गेले होते. मी पोचलो तेव्हा गल्लीतल्या बायकांनी तिला आतल्या खोलीत चटईवर निजवलं होतं.

आमच्याकडे सवाष्ण गेली की तिला हिरवं लुगडं नेसवतात, मळवट भरतात, हिरवा चुडा भरतात. चुड्याला कासार लागतो. आमच्या घरी कासार मीच. बार्शीत आमची ही तिसरी पिढी.

शेजारची ठकूमावशी दारात येऊन म्हणाली, "नारायण, चुडा आण. तूच भर."

मी दुकानात गेलो. भिंतभर बांगड्या लावलेल्या. सगळा माल माझ्या हातानं लावलेला, कुठलं माप कुठल्या फळीवर ते अंधारातही सांगितलं असतं. आणि मी तिथं नुसता उभा राहिलो. मालनच्या हाताचं माप मला माहीत नव्हतं. ती तिच्या बांगड्या तिच्या तिच्या घ्यायची. कुणाला विचारणार? मी अडीचच्या उचलल्या. अडीच कुणाच्याही हातात जाते.

तिच्या हातात त्या नुसत्या ओतल्यासारख्या गेल्या. हात खाली ठेवला तर चटईवर गळून पडल्या. ठकूमावशीनं बांगड्या गोळा केल्या, पुन्हा मनगटात सरकवल्या आणि मळवटाच्या ताटातला नाडा घेऊन बांधून टाकल्या.

"लई सैल झाल्या रे," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "असू दे. आता कुठं भांडी घासायचीत तिला."

महिन्याभरानं मी दुकान उघडलं.

आमच्या कामाची वाटणी अशी होती की माल आणणं, लावणं, आठवड्याच्या बाजाराला खेड्यांत जाणं हे माझ्याकडे, आणि दुकानात बसून भरणं मालनकडे. लग्नाआधी मी भरत असे. ती आल्यावर बायका तिच्यापुढे बसायला लागल्या आणि मी उठलो. मला त्यात काही वाटलं नाही. मी समजत होतो, बाईपुढे बाई बसते, एवढंच. भरणं हे काम असं मला वाटतच नव्हतं. माल पारखून आणणं हे काम. भरायचं काय, हात धरायचा आणि ढकलायची.

म्हणून दुकान उघडताना मला भीती नव्हती. आणि गिऱ्हाईक आलं. श्रावणात तर बसायला जागा नसायची. दोघी-तिघी मिळून यायच्या. भरताना बांगडी फुटली तर नुकसान कासाराचं असतं, गिऱ्हाइकाकडून पैसे घेत नाहीत. तेव्हा माझ्याकडे बऱ्याच फुटायच्या. मी ते मालाच्या खात्यावर टाकत होतो. या खेपेला काच कच्ची आहे, असं मी सगळ्यांना सांगायचो आणि सगळ्या माना डोलवायच्या.

एकदा एक जण म्हणाली, "मामा, जरा साबण लावू का हाताला?"

"साबण? दुकान आहे हे, न्हाणी नाही," मी म्हणालो. "साबण लावून तर कुणीही भरेल."

बरोबरची हसली. "मग एक माप मोठं द्या मामा. कामाचे हात आहेत आमचे, सैलच बऱ्या."

मोठं माप मी आनंदानं द्यायचो. लवकर काम व्हायचं. कुणी म्हणायची, "मामा, नुसत्या बांधून द्या, घरी जाऊन घालते." कुणी डोळे मिटून हात पुढे करायची आणि म्हणायची, "काही दुखत नाही मामा, घाला तुम्ही."

पुण्याला मुलाला फोनवर मी सांगितलं, "धंदा चांगला चाललाय. गिऱ्हाईक वाढलंय."

"आई असताना एवढं नव्हतं ना?" तो म्हणाला.

"नव्हतं," मी म्हणालो. माझा आवाज तेव्हा कसा होता ते मला अजून आठवतं.

तुळशीची लग्नं झाली आणि नाईकवाडींच्या वैजयंतेचं लग्न ठरल्याचं कळलं. ही वैजू लहानपणी शाळेतून येताना आमच्या दुकानात बसायची. मालन तिला म्हणायची, "तुझा चुडा मीच भरणार गं. लग्न कुठंही असू दे, मी येणार." वैजू आता मोठी झाली होती, पतसंस्थेत नोकरीला होती.

तिची आई शोभाताई दुकानात आली. "मामा, वैजूच्या मापाचा चुडा बांधून द्या. घरीच भरून घेऊ."

"घरी कोण भरणार?"

"बघू. कुणी ना कुणी..."

"ताई, मी काय किराणा विकतो का? बांधून दिला आणि झालं?" मी म्हणालो. "मालननं शब्द दिलाय वैजूला. ती नाही, तर तिचा शब्द मी पुरा करतो. चुडा मी येऊन भरणार."

शोभाताई काउंटरकडे बघत राहिली. मला वाटलं, मालनची आठवण येऊन तिला भरून आलं.

"बरं," ती म्हणाली. "या मामा."

चुड्याच्या दिवशी मी धुतलेलं धोतर नेसून गेलो. माजघरात बायका दाटीनं बसल्या होत्या. शोभाताईनं मला कुंकवाचा टिळा लावला, नारळ दिला. देवापुढे बांगड्या ठेवल्या. वैजू पाटावर बसली. मी समोर बसलो. मालनचा शब्द आज पुरा होणार, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या दिवशी मी मोठं माप नेलं नव्हतं. सैल चुडा शोभत नाही. वैजूच्या बरोबर मापाच्या बांगड्या होत्या.

मी तिचा उजवा हात धरला. तिनं अंगठा आधीच आवळून धरला होता. नवरी आहे, घाबरली असेल, असं मला वाटलं. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी अंगठ्याच्या हाडाशी अडली. मी नेहमीसारखं मनगट पिरगाळलं आणि जोर दिला. बांगडी फुटली. हाताला काप गेला, पाटावर रक्त सांडलं.

कोपऱ्यातून वैजूची आजी म्हणाली, "वाढली. वाढू दे. वाईट होतं ते गेलं."

मी तुकडे उचलले आणि पुढची घेतली. तीही फुटली.

एक जण दुसरीला विचारू लागली, चहाचं आधण ठेवलंय का. दुसरी म्हणाली, ठेवलंय ना, साखर कुठं आहे. सगळ्या एकदम साखरेबद्दल बोलायला लागल्या. वैजूनं अंगठा तोंडात धरला होता. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "काही नाही मामा. दुखत नाही."

हे वाक्य मी सबंध श्रावणभर ऐकलं होतं. त्याच आवाजात.

शोभाताई म्हणाली, "मामा, जरा हात धुऊन घ्या. चहा घ्या. मग बघू."

मी उठून मागच्या दाराशी गेलो. तिथं पाण्याच्या हौदाजवळ चौकातली शमीमभाभी मणेर बशीत चहा ओतून पीत बसली होती. तिचंही बांगड्यांचं दुकान. आमची दोन दुकानं, एका गावात. मला बघून ती अर्धी उठली.

"भाभी, तुम्ही इकडं कशा?"

"आले होते अशीच. लग्नघर आहे."

"पेटी घेऊन अशीच?"

बांगड्यांची पेटी तिच्या पायाशी होती. तिनं ती पदराखाली ओढली, मग तिचं तिलाच हसू आलं आणि तिनं पदर काढला.

"खरं सांगते भाऊ, राग धरू नका. शोभाताईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणाल्या, मामा भरायला बसतील, त्यांचं मन मोडायचं नाही. जमलं तर जमलं. नाही जमलं तर तुम्ही मागच्या दारानं या."

"आणि जमलं असतं तर?"

"चहा पिऊन गेले असते."

मी हात धुतले. धुऊन झाले तरी पाणी घेत राहिलो.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे," मी म्हणालो.

"काय?"

"मला भरता येत नाही ते."

"भाऊ, तुम्ही बांगडी भरता कुठं? बैलाला वेसण घालता," ती म्हणाली आणि हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली.

"मग बायका येतात कशाला माझ्याकडं?"

"तुमच्यासाठी येतात. वहिनी गेल्या, भाऊ एकटे दुकानात बसतात, जावं, डझनभर घ्याव्यात, असं आपसात बोलतात. पाळ्या लावल्यासारख्या येतात. तुमच्याकडून निघाल्या की माझ्याकडं. सैल झालेल्या काढतात, मापाच्या भरून घेतात. कुणाच्या हाताला लागलेलं असतं, त्याला हळद लावते मी." ती बशी विसळू लागली. "तुमच्या बांगड्या माझ्याकडं आहेत. डब्यात ठेवल्यात. दुसऱ्याचा माल मी कसा विकू? परत द्यायच्या होत्या. पण काय म्हणून देणार?"

श्रावणातली ती गर्दी, मुलाला फोनवर सांगितलेलं ते सगळं एकदम माझ्यापुढे आलं.

"तुम्ही भरा," मी म्हणालो. "मी जातो."

मला मागच्या दारानंच निघून जायचं होतं. पण माझ्या चपला पुढच्या दाराशी होत्या. माजघरातूनच जावं लागणार होतं. मी मान खाली घालून आत शिरलो, "भाभी भरतील," एवढं म्हणालो आणि बायकांचे पाय चुकवत ओसरीवर आलो. चपलेत पाय घालतो तोवर आजी मागून आली.

"चहा घेतल्याबिगर कासार जात नसतो. बसा."

बसलो. चहाची कपबशी हातात आली. आत भाभीचा आवाज येत होता, बायका हसत होत्या, बांगड्या एकमेकींवर वाजत होत्या. फुटल्याचा आवाज एकदाही आला नाही. चहावर साय धरली.

बऱ्याच वेळानं वैजू बाहेर आली. उजवा हात मनगटापासून वर हिरवागार भरलेला. डावा मोकळा. ती पायरीवर माझ्यासमोर बसली आणि डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"मामा, हा राहिलाय."

"भाभीकडून घे भरून."

"मामींचा शब्द भाभी कशाला पाळतील?"

"वैजू, मला येत नाही गं."

भाभीपुढे निसटलं ते सोडलं, तर हे मी तोवर कुणालाही म्हणालो नव्हतो. मालनलाही नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत आहे. पण हा हात भरल्याशिवाय मी उठायची नाही. भाभींनी बांगड्या आणून ठेवल्यात बघा."

माझ्या मागे दारात बायका जमल्या होत्या. मी बांगडी उचलली.

"आधी ती खाली ठेवा," वैजू म्हणाली. "मामी आधी बांगडी घ्यायच्याच नाहीत. नुसता हात धरून बसायच्या. मला तर लहानपणी वाटायचं, विसरल्या की काय."

मी बांगडी ठेवली. तिचा हात हातात घेतला. बसून राहिलो. तिचा अंगठा तसाच आवळलेला होता.

"काहीतरी बोला ना मामा."

"काय बोलू?"

"मामी घरचं विचारायच्या."

मी विचार केला. "जेवलीस का?"

मागे बायका हसल्या. भाभी म्हणाली, "भाऊ, मुलगी बघायला आलात का? आता शिक्षण विचारा."

वैजूही हसली. हसताना तिचा हात जरासा सैल झाला. तो तसा झालेला मला बोटांना कळला. एवढी वर्षं बांगड्यांच्या धंद्यात राहून एखाद्या हाताचं काही कळायची ती माझी पहिलीच वेळ.

"नोकरीचं काय करणार?" मी विचारलं. या वेळी मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मागे बायका आहेत म्हणून ती खाली वाकून हळू बोलू लागली. नोकरी सोडायला लावली होती. नाशिकला आल्यावर बघू, असं सासरचे म्हणाले होते. "बघू म्हणजे नाहीच, मामा. बाबांना कळतंय, पण ते गप्प आहेत. आईला सांगू नका मी बोलले ते. मामी असत्या तर त्यांना सांगितलं असतं." ती बोलत राहिली. पतसंस्थेतल्या तिच्या खुर्चीबद्दल, तिथल्या शिपायाबद्दल. बोलता बोलता तिचा अंगठा माझ्या तळव्यात आपोआप पडला.

म्हणजे बायका मालनपुढे बसून हे सगळं बोलत होत्या. आणि मी पलीकडे फळीवर खोकी लावत होतो. गावातल्या कितीतरी घरांचं मालनला माहीत असणार. तिनं त्यातलं मला कधी काही सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही, की दिवसभर हात धरून काय बोलता तुम्ही.

"अंगठ्याचं मूळ दाबा, भाऊ," मागून भाभी म्हणाली. "हाड नको. मूळ."

पहिली गेली. मग दुसरी. एकेका बांगडीला मी थांबत होतो. मधे एक अडली. हात लाल झाला होता. सगळ्या बघत होत्या आणि माझं मनगट जोर द्यायला शिवशिवत होतं. मी ती बांगडी पायरीवर ठेवली आणि पुन्हा नुसता हात धरून बसलो.

आजी म्हणाली, "आता काय झालं?"

"थांबू या जरा," मी म्हणालो.

आतून कुणीतरी चहा पुन्हा गरम करून आणला. उन्हं ओसरीवर आली. जेवणं खोळंबली. शेवटची बांगडी गेली तेव्हा दारात उभ्या असलेल्या निम्म्या बायका कंटाळून आत गेल्या होत्या. वैजूनं दोन्ही हात समोर धरून पाहिले. उजव्यावर कापाची रेघ होती. डाव्यावर काही नव्हतं.

"आईला सांगू नका हं," ती पुन्हा म्हणाली.

"नाही सांगत."

मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे, तेही वैजूला विचारून. नाशिकला गेल्यावर दोन वर्षांनी तिनं पुन्हा नोकरी धरली.

लग्न झाल्यावर मी शमीमभाभीच्या दुकानात जाऊन माझ्या बांगड्या मागितल्या. तिनं फळीखालून लाडवाचा मोठा डबा काढला. झाकण लागत नव्हतं, म्हणून फडक्यानं बांधला होता.

"कुणाच्या कोणत्या, आठवतं का?" मी विचारलं.

"आठवतं की. पण तुम्हाला कशाला पाहिजे?"

"जातो त्यांच्याकडं."

"जाऊन काय करणार? माफी मागणार? लाजून मरतील बायका."

"माफी नाही मागत. हात मागतो."

भाभीनं डबा खाली हलकेच ओतला, बांगड्यांच्या जोड्या लावल्या आणि एकेक नाव सांगितलं. सावकाश, मला लक्षात राहील असं.

दुपारी दुकान बंद करून मी जायला लागलो. बरोबर मापाच्या बांगड्या पिशवीत घ्यायच्या, दारात उभं राहून म्हणायचं, "ताई, श्रावणात सैल झाल्या होत्या. या भरतो." बहुतेक जणी आधी खोटंच बोलल्या. चांगल्या होत्या हो मामा, कुणी सांगितलं सैल होत्या म्हणून. एकीनं तर आत जाऊन भाभीकडच्या बांगड्या मला दाखवल्या, याच बघा तुमच्या, अजून एक फुटली नाही. मी तिच्यापुढेही बसलो. काही जणींच्या हातांना माझ्याकडून पुन्हा लागलं. त्या पुन्हा म्हणाल्या, दुखत नाही. तेव्हा मी थांबायचो. दुकानात आता साबण असतो. बायका बोलतात माझ्याशी, मालनशी बोलायच्या तेवढ्या नाही. काही गोष्टी त्या माझ्याशी बोलणारच नाहीत आणि ते बरोबर आहे. माल आणायला मी मुलाच्या ओळखीचा एक जण ठेवला आहे. मी भरतो. मला हेच करायचं आहे, हे कळायला माझं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं.

याला आता बरीच वर्षं झाली. एकेकीच्या भरून झाल्या की तिच्या सैल बांगड्या मी डब्यातून काढून फळीवर लावतो. डबा पुष्कळ रिकामा झाला. काही जणी गाव सोडून गेल्या, त्यांच्या बांगड्या तशाच राहिल्या. बिडीच्या गल्लीतल्या दोघी मला बघितलं की दार लोटून घेतात. त्यांच्याकडे पुन्हा एकदा जाईन.

एक मात्र पत्र्याच्या चाळीत राहते. त्या श्रावणात मी तिच्या हातात तीन फोडल्या होत्या आणि ती डोळे मिटून बसली होती. तिच्याकडे जायचं मी आज-उद्या करत राहिलो. मधे तिचा नवरा गेला. आता ती बांगड्या घालत नाही. तिच्या बांगड्या माझ्याकडे डब्यात आहेत. तिच्या दारात जाऊन काय म्हणायचं ते मला सुचलेलं नाही. तिच्याकडे जायचं राहिलं आहे.